कपाळाचे दुखणे आणि डोळ्याचा धोका

आजच्या लेखाची सुरुवात माझ्या हातून राहून गेलेल्या एका वाक्याने करतो.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातील एका संध्याकाळी दवाखान्यात गर्दी असताना माझे एक जुने रुग्ण आले. वय ६८. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तीन वर्षांपूर्वी मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले, औषधांच्या वेळा घड्याळ लावून पाळणारे. म्हणाले, "डॉक्टर, दोन दिवस कपाळाची उजवी बाजू जळजळते आहे. केसांतून कंगवा फिरवला तरी झोंबते." मी कपाळ पाहिले, त्वचेवर काहीही नव्हते. डोळा पाहिला, तो स्वच्छ होता. रक्तदाब ठीक होता. पॅरासिटामॉलच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

त्यानंतर पाचव्या दिवशी ते सुनेचा हात धरून आले. कपाळापासून टाळूपर्यंत उजव्या बाजूस पाण्याने भरलेले फोड, सुजून मिटलेली पापणी आणि नाकाच्या शेंड्यावर दोन लहान फोड. फोड उठून तीन दिवस झाले होते. "उष्णतेचे असतील" असे समजून घरच्यांनी चंदनाचा लेप लावला होता. मग डोळा लाल झाला, तेव्हा सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेले थेंब सुनेने मोठ्या मायेने त्यांच्या डोळ्यात घातले होते. त्याच संध्याकाळी त्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. रात्रीपासून रुग्णालयात शिरेतून औषध सुरू झाले. डोळा वाचला, पण त्या डोळ्याची दृष्टी पूर्वीसारखी राहिली नाही, आणि कपाळाचा ठणका पुढे कित्येक महिने त्यांना झोपू देत नव्हता.

फोड उठण्यापूर्वी नागीण ओळखणे कठीण असते, हे खरे. परंतु एक वाक्य सांगणे कठीण नव्हते: "या बाजूला पुढच्या चार-पाच दिवसांत पुरळ किंवा फोड दिसले, किंवा डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी परत या." ते वाक्य मी उच्चारले नाही. त्यांनी किंवा त्यांच्या सुनेने मला कधी बोल लावला नाही. मात्र मी ती संध्याकाळ विसरलेलो नाही. आजचा लेख म्हणजे तेच वाक्य, थोडे विस्ताराने.

प्रतिकारशक्ती कमी असणारे कोण?

प्रतिकारशक्ती क्षीण झालेला माणूस म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंथरुणाला खिळलेला रुग्ण येतो. प्रत्यक्षात असे अनेक जण सकाळी फिरायला जातात, भाजी आणतात, नातवंडांना शाळेत सोडतात. ज्यांचे मूत्रपिंड, यकृत किंवा अन्य अवयवाचे प्रत्यारोपण झाले आहे. ज्यांची कर्करोगासाठी केमोथेरपी चालू आहे. संधिवात, सोरायसिस किंवा आतड्याच्या विकारासाठी जे मेथोट्रेक्सेट वा तत्सम औषधे घेतात. दमा किंवा इतर कारणाने ज्यांच्या पोटात अनेक आठवडे स्टेरॉइडच्या गोळ्या जात आहेत. ज्यांना एचआयव्हीची लागण आहे. ज्यांचा मधुमेह दीर्घकाळ आटोक्यात नाही, असे सारे या गटात मोडतात. वाढते वय हेही एक कारण आहेच. सत्तरीनंतर शरीरातील पहारा थोडा ढिला होतो, माणूस कितीही ठणठणीत दिसो.

आपल्या घरात असे कोणी असेल, तर डोळ्याच्या दुखण्याबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इतरांच्या बाबतीत "दोन दिवस वाट पाहू" हा सल्ला पुष्कळदा चालून जातो. या व्यक्तींच्या बाबतीत तो चालत नाही.

शत्रू बाहेरून येतोच असे नाही

विषाणूंचा संसर्ग म्हणजे बाहेरून, दुसऱ्याकडून आलेला रोग, अशी आपली समजूत असते. डोळे येण्याच्या साथीपुरती ती खरी आहे. परंतु क्षीण प्रतिकारशक्तीच्या माणसांचे डोळे ज्या विषाणूंमुळे अधिक बिघडतात, ते बहुधा त्यांच्या शरीरात अनेक वर्षे मुक्कामाला असतात.

लहानपणी आपल्याला कांजिण्या येऊन गेल्या. अंगावरचे फोड गेले, खपल्या पडल्या, आईने कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली आणि आजार संपला असे सर्वांनी मानले. पण कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडून गेला नव्हता. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये निपचित पडून राहिला. पन्नास-साठ वर्षांनी पहारा ढिला झाला की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेकडे निघतो. यालाच आपण नागीण म्हणतो. ही वाट छाती-पाठीची असेल तर फोड छाती-पाठीवर उठतात. ती चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या वरच्या शाखेची असेल तर कपाळ, पापणी आणि डोळा सापडतो. नागिणीच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण दहा ते वीस जणांत ही वरची शाखा बाधित होते.

विषाणू मज्जातंतूतून प्रवास करत असल्यामुळे वेदना आधी येते आणि फोड मागाहून, एक ते पाच दिवसांनी. म्हणूनच कपाळाच्या एकाच बाजूस जळजळ, झिणझिण्या, स्पर्श सहन न होणे, ही तक्रार हलकी समजू नये. दुखणे नेमके मध्यरेषेपाशी थांबत असेल, तर संशय अधिक बळावतो.

नाकाच्या शेंड्याचे महत्त्व एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश शल्यविशारद जोनाथन हचिन्सन यांनी दाखवून दिले. नाकाच्या टोकाला आणि डोळ्याच्या आतल्या भागाला जाणारा तंतू एकच आहे. त्यामुळे नाकाच्या टोकावर वा बाजूला फोड दिसला, तर डोळ्याच्या आत बाधा होण्याची शक्यता बरीच वाढते, मग डोळा वरून स्वच्छ दिसत असला तरीही. मात्र नाकावर फोड नाही म्हणून डोळा सुरक्षित आहे, असा उलटा अर्थ काढू नये.

बहात्तर तासांचा हिशोब

नागिणीवर गुणकारी औषध आहे. असायक्लोव्हिर आणि त्याच्याच कुळातील व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे विषाणूची वाढ रोखतात. असायक्लोव्हिर ज्यांच्या संशोधनातून आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान मिळाला. पण ही औषधे वाढणाऱ्या विषाणूला रोखतात. झालेली हानी भरून काढत नाहीत. म्हणून फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू व्हावीत, असे आम्ही सांगतो. वेळेत उपचार मिळाले नाहीत, तर कपाळावर नागीण झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या जणांच्या डोळ्याला काही ना काही बाधा होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, ७२ तास उलटले म्हणून "आता काय उपयोग" असे म्हणून घरी बसू नये. प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा डोळा बाधित असेल, तर उशिराही औषध दिले जाते, आणि गरज भासल्यास रुग्णालयात शिरेवाटे दिले जाते. दुसरी, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून ही औषधे आणू नयेत. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मात्रा कमी करावी लागते. अन्यथा वृद्ध माणसाला भ्रम होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताणही येतो.

नागिणीविषयी आपल्याकडे अनेक समजुती आहेत. गेरू लावणे, मंत्र घालून घेणे, "वेढा पूर्ण झाला की माणूस जातो" अशी भीती बाळगणे. वेढ्याने कोणी दगावत नाही. परंतु फोड एका पट्ट्यापुरते न राहता अंगभर पसरू लागले, तर ती प्रतिकारशक्ती फार क्षीण असल्याची खूण आहे, आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. मंत्र घालणाऱ्याकडे गेल्याचे मला दुःख होत नाही. तिथे गेलेल्या तीन दिवसांचे होते.

तरुण वयात कपाळावर नागीण झाली, तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात. त्यात संशय घेण्याचा हेतू नसतो. पहारा का ढिला झाला, एवढेच शोधायचे असते.

उरलेल्या थेंबांची बाटली

आता त्या सुनेने घातलेल्या थेंबांविषयी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून स्टेरॉइडचे थेंब दिले जातात. लाल डोळा त्याने एका दिवसात पांढरा दिसू लागतो, म्हणून घरोघरी या बाटलीला मान असतो. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन अशी नावे बाटलीवर असतात, कित्येकदा प्रतिजैविकाच्या जोडीने.

ओठावर तापाबरोबर उठणारे फोड आपण पाहिले असतील. तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. हाही मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो आणि डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पडद्यावर, म्हणजे कॉर्नियावर, व्रण करू शकतो. नेत्रतज्ज्ञ डोळ्यात केशरी रंगाचे औषध घालून निळ्या प्रकाशात पाहतात, तेव्हा हा व्रण झाडाच्या वाळक्या फांदीसारखा चमकताना दिसतो. अशा व्रणावर केवळ स्टेरॉइडचे थेंब पडले, तर विषाणूला मोकळे रान मिळते. व्रण पसरतो, खोल जातो आणि भरून आल्यावर पांढरा डाग ठेवतो. आपल्या आजीच्या काळी ज्याला "डोळ्यात फूल पडले" म्हणत, त्याचे हे एक कारण.

नेत्रतज्ज्ञ स्वतः काही वेळा याच रोगांत स्टेरॉइडचे थेंब देतात. पण ते व्रण तपासून, विषाणूविरोधी औषधाच्या संरक्षणात आणि दर काही दिवसांनी पाहून देतात. तेच थेंब कपाटातून काढून घातले, तर ते औषध राहत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. या दोन्ही विषाणूंमुळे कॉर्नियाची संवेदना कमी होऊ शकते. मग डोळा दुखेनासा होतो आणि घरच्यांना वाटते, आराम पडला. वेदना गेली म्हणून पुढची तपासणी टाळू नये. एकदा हर्पिसचा व्रण झालेल्या डोळ्यात तो पुन्हा उद्भवू शकतो. वारंवार होत असेल तर नेत्रतज्ज्ञ विषाणूविरोधी गोळी दीर्घकाळ घेण्यास सांगतात. त्याने पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण बरेच घटते. ती मधेच सोडू नये.

जो डोळा लालही होत नाही

लाल डोळा निदान दिसतो तरी. सर्वांत कपटी असतो तो न दुखणारा, लाल न होणारा आजार. सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात असतो आणि निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती फारच खालावली, तर तो डोळ्याच्या मागच्या दृष्टिपटलावर हल्ला करतो. उपचार न घेतलेले एचआयव्हीचे रुग्ण, प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण यांच्यात तो आढळतो. डोळा बाहेरून अगदी स्वच्छ दिसतो. रुग्णाला मात्र नजरेपुढे काळे ठिपके किंवा जाळी तरंगताना दिसते, प्रकाशाच्या रेषा चमकतात, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटते. अनेकदा एवढेही नसते, कारण दुसरा चांगला डोळा उणीव भरून काढतो.

यासाठी एक सोपी सवय लावून घ्यावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर ठरावीक अंतरावर बसावे. एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने तारखा पाहाव्यात; मग डोळा बदलावा. अंक अंधुक झाले, काही तारखा गायब झाल्या किंवा रेषा वाकड्या दिसल्या, तर डोळा दुखत नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना कळवावे. ही कसोटी बाहुली मोठी करून केलेल्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही. प्रत्यारोपण किंवा केमोथेरपी झालेल्यांनी अशी तपासणी किती काळाने करायची, हे आपल्या तज्ज्ञांना विचारून ठेवावे. या रोगावर गॅन्सायक्लोव्हिरसारखी औषधे आहेत. मात्र दृष्टिपटलाचा जो भाग मेला, तो परत येत नाही.

साथीतला डोळा

डोळे येण्याची साथ आपल्या सर्वांच्या ओळखीची. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाच्या काळात बंगालमध्ये लोकांनी तिला "जय बांगला" असे नावच देऊन टाकले होते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातही शाळा-शाळांतून मुले लाल डोळे घेऊन घरी परतली. ही साथ बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत आपोआप बरी होते. सहसा एका डोळ्यातून सुरू होऊन ती दुसऱ्यातही जाते. पाणी येते, टोचते, पापण्या चिकटतात, पण नजर फारशी कमी होत नाही.

घरात प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल, तर डोळे आलेल्या नातवंडाचा टॉवेल, रुमाल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवावा. त्याच्या डोळ्यांत थेंब घालण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, आणि आजी-आजोबांचे थेंब त्यानंतर, हात धुऊनच घालावेत. थेंबांची एक बाटली दोघांत वापरू नये. घरातील त्या व्यक्तीचा स्वतःचा डोळा लाल झाला, तर मात्र "साथ आहे, तेच असेल" असे गृहीत धरू नये. दुखणे तीव्र असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल, किंवा लाली एकाच डोळ्यापुरती राहिली असेल, तर ती साथ नसण्याची शक्यता धरून चालावे. गुलाबपाणी, मध, तुरटीचे पाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये.

नागिणीच्या फोडांतील पाण्यातून ज्याला पूर्वी कांजिण्या झाल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत तान्ही बाळे, गरोदर लेकी-सुना आणि केमोथेरपी घेणारे नातलग यांना रुग्णाच्या फार जवळ येऊ देऊ नये. बाकीच्यांनी रुग्णाला वाळीत टाकण्याचे काही कारण नाही. त्याला आधीच पुरेसे दुखत असते.

डॉक्टरांना काय सांगावे

दवाखान्यात फोन करताना "डोळा लाल झालाय" एवढेच सांगू नये. "आईला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे, कालपासून डाव्या कपाळावर फोड आहेत आणि डोळा लाल आहे," असे सांगावे. या एका वाक्याने आपला क्रमांक रांगेत वर येतो. औषधांची यादी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावी. आणि एक महत्त्वाची सूचना: संसर्ग झाला म्हणून प्रत्यारोपणाच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यातून नवे अवयव नाकारले जाणे किंवा रक्तदाब अचानक कोसळणे, असे मोठे संकट ओढवू शकते. मात्रा कमी करायची की नाही, हे ज्या तज्ज्ञांनी ती औषधे सुरू केली त्यांनाच ठरवू द्यावे.

नागिणीवर आता लसही आहे. जिवंत विषाणू नसलेली ही लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्या दोन मात्रा साधारण दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दंडात दिल्या जातात. मोठ्या चाचण्यांत ५० वर्षांवरील व्यक्तींना तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ते थोडे उणे पडते, तरी उपयोगाचे असते. लस महाग आहे, हे मी जाणतो, आणि सर्वांना ती परवडेल असे म्हणणार नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी, विशेषतः प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे सुरू होण्यापूर्वी, आपल्या डॉक्टरांशी याबद्दल जरूर बोलावे.

हा अंक खाली ठेवल्यावर एक काम करा. औषधांचे कपाट उघडा आणि डोळ्यांच्या थेंबांच्या ज्या बाटल्या उघडून महिना होऊन गेला आहे, त्या टाकून द्या. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी कपाळाची एकच बाजू दुखते असे सांगितले, तर पुढचे पाच दिवस रोज सकाळी उजेडात त्यांचे कपाळ, केसांची मुळे आणि नाकाचा शेंडा नीट पाहा. माझे ते रुग्ण आजही येतात. रक्तदाब तपासून झाला की उठताना हसून विचारतात, "डॉक्टर, परत कधी येऊ, तेवढे सांगा." मी तारीख सांगतो, आणि त्या तारखेआधी काय दिसले तर लगेच यायचे, तेही सांगतो.